पडून राहण्याचं औषध

आजारपणात मला आजारापेक्षा जास्त कशानं छळलं असेल तर "आराम करा" या दोन शब्दांनी. चार महिन्यांत ते इतक्यांदा ऐकले की कोणी खाटेजवळ बसलं की मी डोळे मिटून घ्यायचो. सांगणाऱ्यांपैकी एकालाही आराम कसा करतात ते ठाऊक नव्हतं. सांगून झालं की तेच लोक जवळ सरकून हळूच विचारायचे, "बाकी, चांदूर बाजारच्या रुईचं काय ठरलं मग?"

हे मी लिहितो आहे ते ज्यांचं अंग असं एका बाजूनं गेलं आहे किंवा जायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी. औषधांची माहिती यात मिळणार नाही. ती हकीम-वैद्यांना विचारावी. माझं काय झालं आणि मी काय काय मूर्खपणा केला, एवढंच इथे आहे.

माझं नाव सखाराम. अमरावतीच्या कापूस बाजारात दलाल. तेव्हा वय बेचाळीस. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून मुंबईचे व्यापारी वऱ्हाडावर तुटून पडले होते. आगगाडीचा रस्ता अजून बडनेऱ्यापर्यंत यायचा होता, पण ती येण्याआधीच गावात गर्दी झाली होती. गल्लीबोळांत गाड्या अडकलेल्या, हवेत कापसाचे तंतू, खाण्यात तंतू, खोकल्यात तंतू. आमचा धंदा हातावर चालतो. घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये दलाल उभा राहतो, हातावर रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. माझ्या उजव्या हाताचा बाजारात लौकिक होता. मी चार चार सौदे एकावेळी डोक्यात ठेवायचो आणि बोटं चुकायची नाहीत.

तीन हंगाम मी दुपारचं जेवण बसून जेवलो नव्हतो. बायको फडक्यात भाकरी बांधून द्यायची, ती मी गाड्यांमधून फिरता फिरता खायचो. सणाच्या दिवशीही बाजारात चक्कर असायचीच. याचा मला अभिमान होता, हे कबूल करायला हवं. लोक म्हणायचे, "सखारामभाऊ बसलेला कोनी पायला नाई," आणि मी खुश व्हायचो.

ज्या दिवशी पडलो

पौष महिना होता. सकाळपासून डाव्या डोळ्यासमोर पाण्यासारखं काही हलत होतं. उजवा हात जड वाटत होता. थंडी आहे म्हणून मी तो चोळत राहिलो. घरून निघताना सगुणेनं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आवो, तुमचं तोंड वाकडं काहून दिसून राहिलं?"

"तुलेच वाकडं दिसते," मी म्हणालो आणि निघालो. हे वाक्य म्हणतानाही जीभ अडखळली होती. तिच्या ते लक्षात आलं. माझ्याही आलं. पण मला अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला गाठायचं होतं.

मग बाजारात मी एका गाडीवर चढून रुई पाहत होतो. मूठभर रुई ओढून काढायची, तिचे धागे ताणून पाहायचे. मूठ उघडेना. मग पाय माझा राहिला नाही. मी गाडीवरून रुईच्या ढिगावर पडलो आणि लोक हसले, कारण त्यांना वाटलं घसरलो. मला आठवतं ते हसणं. मी त्यांना सांगत होतो की हसू नका, उचला; पण माझ्या तोंडून जे येत होतं ते मलाच कळत नव्हतं.

घरी आणल्यावर माय म्हणाली, नजर लागली. धंदा एवढा वाढला, लोकांच्या डोळ्यावर आला. तिनं मिरच्या ओवाळल्या. त्यांच्या धुरानं मी खोकून खोकून अर्धा झालो. शेजारचा एक जण म्हणाला, बाहेरचं आहे. एक म्हणाला, गरम तेल लावा. एक म्हणाला, तेल अजिबात लावू नका. मी मधोमध पडलेला, उजवं अंग मेलेलं, आणि चिडायलासुद्धा तोंड धड नाही. माझा बापही असाच शेतात आडवा झाला होता आणि उठला नव्हता. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. खाटेवर मला सारखं त्याचं तोंड दिसत होतं.

सगुणेनं कोणाचं ऐकलं नाही. तिनं भावाला, महादेवला, गाडी जुंपायला लावली. "अचलपूरले नेऊ यायले. तिथं हकीम हायेत, थे अंग गेलेलं बरं करतेत."

मधाचं पाणी

हकीमसाहेब म्हातारे होते, उंच, आणि कानानं थोडे कमी. त्यांच्या घराला लागून तीन खोल्या होत्या, त्यात असे आमच्यासारखे लोक ठेवत. त्यांनी माझी नाडी इतका वेळ धरली की मला वाटलं त्यांना झोप लागली. मग जीभ पाहिली, डोळ्याची पापणी उलटून पाहिली, आणि सगुणेला विचारलं, "ये आदमी दिन में कब बैठता है?"

"बसत नाई," ती म्हणाली.

"खाता कब है?"

"चालता चालता."

"सोता?"

तिनं हात हलवून नाही म्हटलं. हकीमसाहेबांनी मान हलवली. "फालिज है. आधा. पूरा भी हो सकता था." पक्षाघात. त्यांनी मला समजेल असं हळू सांगितलं की यात पहिला झटका माणसाला सोडून देतो, पुन्हा आला तर सहसा सोडत नाही.

सात दिवस त्यांनी मला मधाचं उकळलेलं पाणी दिलं आणि दुसरं काही नाही. भाकरी नाही, वरण नाही, कांदा नाही. फक्त मधाचं पाणी. पहिल्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मधाच्या वासानं मला मळमळायला लागलं. पाचव्या दिवशी मी त्यांच्या नोकराला ज्या शिव्या दिल्या त्या वाकड्या तोंडातून निघाल्या म्हणून वाचलो. आठव्या दिवशी कबुतराचा पातळ शोरबा आला. तो पिऊन मी रडलो. कारण काय होतं ते मलाच माहीत नाही.

दिवस असा जायचा. पहाटे हात-पाय चोळायचे. मग कडू काढा. मग खोलीत अंधार करून पडायचं. ऊन वर आलं की पुन्हा चोळणं, मग शोरबा. त्यानंतर हकीमसाहेबांचा खरा जुलूम सुरू व्हायचा. दुपारी जेवण झाल्यावर एक प्रहर काही करायचं नाही. बोलायचं नाही, हिशोब मनात आणायचा नाही, बाजाराचं नाव काढायचं नाही. झोपलात तरी चालेल, नाही झोपलात तरी चालेल. पण उठायचं नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर करीमभाई होते. सतरंज्या विणणारे. त्यांचा पाय गेला होता. तीन महिने तिथे होते आणि इतके आनंदात की मला त्यांचा राग यायचा. दुपारी ते छताकडे पाहून हसायचे.

"काय पाहून राहिले तुमी?" मी एकदा कसंबसं विचारलं.

"काई नाई. वासे मोजून राहिलो. रोज एक कमी भरते."

"मले हे जमत नाई, करीमभाई. माया डोक्यात गाड्या फिरतेत."

"माया डोक्यात हातमाग चालत होता," ते म्हणाले. "पंधरा दिवस चालला. मग थांबला. तुमी पंधरा दिवस तर राहा."

मी वीस दिवस राहिलो. हात उचलायला लागला होता, पाय टाकत होतो, बोलणं कळायला लागलं होतं. तेवढ्यात महादेव अमरावतीहून आला. अकोल्याला मुंबईच्या एका मोठ्या पेढीचा गुमास्ता उतरला आहे, सगळ्या हंगामाची खरेदी करणार आहे, आणि त्यानं माझं नाव ऐकलं आहे. "भाऊजी, थो म्हनते, सखारामचा हात पायजे. मायाशी बोलतच नाई."

हकीमसाहेबांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दवा मेरी है, फुरसत तेरी है. फुरसत तू नहीं लाया, तो ले जा अपना हाथ." आणि आत निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला पैशाची पडलेली दिसते. पैसे घेतले नाहीत तेव्हाही मला तसंच वाटलं. एवढा मी गेलेला होतो.

अकोला

सगुणेनं एकदाच सांगितलं. "जाऊ नोका."

"दोन दिवसाचं काम हाये."

"तुमचं समदं दोन दिवसाचंच असते."

अकोल्याचा बाजार अमरावतीहून वेगळा नव्हता. तीच धूळ, तेच ओरडणं. गुमास्ता मुंबईकडचा होता, नीटनेटका, शुभ्र पगडी. त्याला वऱ्हाडी बोलण्याचं हसू यायचं. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मी हातावर रुमाल टाकला, त्याचा हात माझ्या हातात आला, आणि मी चार बोटं दाबायला गेलो. करंगळी आली नाही. मी पुन्हा दाबली. तीनवर सौदा झाला असं त्याला वाटलं आणि तो हात काढायला लागला. तेव्हा माझी मूठ मिटली. मला ती सोडवेना.

"अहो, सोडा," तो हसत म्हणाला. मग हसणं गेलं. "सोडा हो. काय करता हे?"

मी सोडायचा प्रयत्न करत होतो. महादेवनं माझी बोटं एकेक करून उलगडली. आजूबाजूला लोक जमले. गुमास्त्यानं रुमाल झटकला, हात पुसला आणि सरळ समोरच्या दलालाकडे गेला. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. मग जमीन वर आली.

आठ दिवस मी अकोल्यात धर्मशाळेच्या ओसरीवर होतो. त्या आठ दिवसांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. एकच सांगतो. महादेवनं विचारलं, "भाऊजी, ताईले बोलावू?" आणि मला हो म्हणायचं होतं. सगुणा हे नाव मला आठवत होतं. तिचा चेहरा दिसत होता. पण नाव तोंडात येईना. मी जोर केला तर "रुई" हा शब्द आला. पुन्हा जोर केला, पुन्हा रुई. महादेव समजला नाही. त्याला वाटलं सौद्याचं विचारतो आहे. तो बिचारा मला भाव सांगत बसला.

तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून माणूस पाठवला. सगुणा गाडीतून आली, सोबत माय. माय गाडीतच रडत होती. सगुणा ओसरी चढून आली, माझ्या उशाशी बसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता तरी?"

मी मान हलवली.

भेटायला येणारे

पुन्हा अचलपूर. पुन्हा मधाचं पाणी. हकीमसाहेबांनी फक्त माझी खाट दारापासून दूर, आतल्या भिंतीला लावून घेतली. करीमभाई काठी घेऊन अंगणात चालत होते. माझ्यासमोर येऊन त्यांनी एक फेरी मारून दाखवली आणि अगदी हळू म्हणाले, "वासे मोजा हो भाऊ." या वेळी मी मोजले.

दीड महिन्यानं घरी जायला सोडलं. निघताना हकीमसाहेबांनी सांगितलं, दुपारचा एक प्रहर. रोज. मी विचारलं, "किती दिवस?"

"जब तक जिंदा है."

अचलपूरला हे सोपं होतं. घरी काय झालं ते लिहिलं पाहिजे, कारण तिथेच बहुतेक लोक फसतात.

पहिली गोष्ट म्हणजे भेटायला येणारे. बाजारात दुपारी थोडी उसंत असते, म्हणून सगळे दुपारीच येतात. "पडा, पडा, उठू नका," असं म्हणत येतात आणि मग खाटेवर बसतात. एक जण तर माझ्या पायावर बसला, आणि तो मेलेला पाय असल्यामुळे मला बराच वेळ कळलं नाही. प्रत्येकाचा कोणीतरी काका नाहीतर मामा याच आजारानं गेलेला. ते काका कसे गेले याची साद्यंत हकीकत सांगून झाल्यावर ते म्हणत, "पन तुमी काई मनावर घेऊ नोका."

दुसरी गोष्ट महादेव. तो चांगला मुलगा होता, मनापासून करत होता, पण त्याला कोणता सौदा घ्यावा ते कळत नव्हतं. तो दाराबाहेर उभा राहून हलकेच खाकरायचा. तो खोकला मला ओळखता येऊ लागला. मी डोळे मिटून पडायचो आणि आतून कान टवकारलेले. सगुणा त्याला हुसकून लावायची. मग मी तिच्यावर चिडायचो की त्याला का घालवलंस. मग ती माझ्यावर.

तिसरी गोष्ट मी स्वतः. पडून असलो तरी मी पडलेलो नव्हतो. मनात गाड्या येत होत्या, जात होत्या. कोणता व्यापारी आता कोणाकडे गेला असेल याची मी यादी करायचो. प्रहर संपायच्या आधी चार वेळा सगुणेला विचारायचो, ऊन कुठपर्यंत आलं. पाचव्यांदा तिनं मला उत्तर द्यायचं सोडलं.

सोंगट्या

एका दुपारी ती माळ्यावरून जुना सारीपाट घेऊन आली. आमच्या लग्नात तिच्या आईनं दिलेला. कापडावर घरं शिवलेली, लाकडी सोंगट्या. अठरा वर्षांत तो एकदाही उघडला नव्हता.

"हकीमसाहेबांनं बोलू नोका म्हनलं. खेळू नोका म्हनलं नाई," ती म्हणाली आणि समोर बसली. "उजव्या हातानं सरकवा."

मला सोंगटी उचलायला इतका वेळ लागायचा की तोवर ती तांदूळ निवडून घ्यायची. दोन सोंगट्या एकदम पडायच्या. मी वैतागून पाट उलथून दिला, तेही डाव्या हातानं. तिनं निमूट पुन्हा मांडला. मी पुन्हा खेळलो. ती मला हरवत राहिली, आणि हरवताना तोंडावर जराही दया नव्हती. ते मला आवडलं. इतरांच्या सगळ्यांच्या तोंडावर दया होती.

पंधरा-वीस दिवसांनी करंगळी हलली. सोंगटी धरताना आपसूक हलली, मी पाहत नसताना. मी तिला दाखवली. तिनं पाहिलं आणि फासे टाकले. तिचे फासे पाटाबाहेर गेले.

तिच्याशी समोरासमोर बसून इतका वेळ मी कधी काढला नव्हता. तिच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, तो लहानपणी झोक्यावरून पडल्याचा, हे मला तेव्हा कळलं. अठरा वर्षांनी. तिच्या बापाकडे पांढरी गाय होती आणि ती फक्त तिलाच दूध द्यायची, हेही. मला हळूहळू दुपारची वाट पाहावीशी वाटू लागली. मला वाटलं, जमलं. आता हे जमलं.

तिचं म्हणणं

चैत्राचं ऊन होतं. मी पाट मांडून बसलो होतो आणि ती येईना. मी हाक मारली. पुन्हा मारली. आत भांड्यांचा आवाज येत होता. तिसऱ्या हाकेला ती दारात आली, हाताला पीठ, कपाळावरून घाम.

"काय हाये?"

"ये ना. दुपार चालली."

ती तिथेच उभी राहिली. मग ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते अजून पाठ आहे.

"तुमची दुपार चालली. माई सकाळच अजून सरली नाई. तुमाले हकीमानं सांगतलं, तुमी पडले. घरात समदे चूप. आपल्या पोरीले चूप, मायले चूप, भावाले बाहेर काढा, पानी आना, काढा उकळा, अंग चोळा. तुमी एक प्रहर आराम करता, त्याच्यासाठी मी दोन प्रहर जास्त राबून राहिली. मले कोन सांगन पडून राहा? मले हकीम पाहीन कवा? मी पडल्यावर?"

आतून माय म्हणाली, "सून असं बोलते का नवऱ्याले!"

सगुणा आत गेली. मी पाटासमोर बसून राहिलो. खूप राग आला. आजारी माणसाला असं बोलतात का, असं मनात आलं. मग आठवलं की हकीमसाहेबांनी तिला पहिला प्रश्न विचारला होता, हा माणूस बसतो कधी. तिच्याबद्दल कोणी तो विचारला नव्हता. मी तर नाहीच. तिच्या आईचं वयाच्या चाळिशीत काय झालं होतं तेही मला माहीत होतं. चुलीसमोरच पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मायशी बोललो. मी सांगितलं की दुपारी चूल पेटणार नाही. सकाळीच सगळं करून ठेवायचं, दुपारी गार खायचं. पाहुणा आला तर रांजण ओसरीवर आहे, तांब्या आहे, पाणी त्यानं घ्यावं. माझा काढा मी आपला उकळीन.

माय म्हणाली, "आन् सून काय करन मग?"

"पडन."

"भर दुपारी? धडधाकट बाई?"

माय चार दिवस माझ्याशी बोलली नाही. शेजारणींना सांगून झालं की मुलाच्या डोक्यावरूनही वारं गेलं आहे. मी पहिला काढा उकळला तो करपला, आणि भांडं घासायला सगुणाच उठली. मी ओरडलो, "बस म्हनलं ना!" ती म्हणाली, "ओरडता काहून? बसवून राहिले का भांडून राहिले?" अशी आमच्या घरातल्या विश्रांतीची सुरुवात.

तिला पडता येत नव्हतं. मला वाटायचं मीच एक नाठाळ आहे, पण ती माझ्यापेक्षा नाठाळ निघाली. आडवी व्हायची आणि उठायची. डाळ झाकली का, वाळवणावर कावळे आले का, पोरगी कुठे गेली. एका दुपारी मी मोजलं, ती अकरा वेळा उठली. बाराव्यांदा उठायला लागली तेव्हा मी करीमभाईंची गोष्ट सांगितली. तिनं छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाशाले जाळे किती झाले, उद्या झाडले पायजे." मी कपाळावर हात मारला. उजवा हात. तो तिथपर्यंत पोचला हे दोघांच्याही लक्षात आलं आणि आम्ही हसलो.

आता

त्यानंतर दीड-दोन वर्षांत ती लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, बाजारातले निम्मे लोक बसले. मी दुपारी पडून राहायला शिकलो म्हणून वाचलो असं कोणी समजू नये. माझंही गेलं, बऱ्यापैकी गेलं. विश्रांतीनं माणूस श्रीमंत होतो असं मला अजिबात सांगायचं नाही. माझा हात पूर्वीसारखा झाला नाही. रुमालाखालचे सौदे आता महादेव करतो, मी रुई पारखतो. जीभ दमलो की अजून अडखळते. हा हात कधी पुन्हा मिटेल आणि उघडणार नाही, ही भीती गेली नाही, आणि मला वाटतं ती जायचीही नाही.

पण दुपारचा प्रहर मोडला नाही. फुरसत मिळाली तर आराम करू असं जो म्हणतो त्याला ती मिळत नाही; मला तर धंदा सुरू असताना, घरात भांडण करून, मायचा अबोला सोसून आणि चार गिऱ्हाइकं घालवून ती काढावी लागली. जो हे वाचतो आहे त्यानं तेवढी तयारी ठेवावी. आणि घरात आपली सेवा कोण करतं, ते माणूस कधी बसतं, एवढं विचारावं. मी अठरा वर्षं आणि दोन झटके लावले विचारायला.

गेल्या हंगामातली गोष्ट. फाल्गुन होता. दुपारी आम्ही दोघं जेवून आडवे झालो होतो. मी जागा होतो. सगुणा बोलता बोलता थांबली. मला वाटलं उठणार. उठली नाही. तिचा श्वास लांब झाला, हात खाटेबाहेर लोंबत राहिला, तोंड जरासं उघडं. भर दुपारी ती गाढ झोपली होती. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गाड्यांचा खडखडाट झाला आणि कोणी तरी दणकून हाक मारली, "सखारामभाऊ! ओ भाऊ! हाये का घरी?"

मी पाय ओढत ओसरीवर गेलो. चांदूर बाजारचा एक व्यापारी होता, ओळखीचा, मोठा. मागे रस्ताभर गाड्या.

"हळू बोला," मी म्हटलं. "घरात झोपल्या हायेत."

तो दचकला. आवाज खाली आणला. "काय झालं? वहिनी आजारी हायेत का?"

"नाई. बऱ्या हायेत."

"मग?"

"मग काय? बऱ्या हायेत, म्हनून झोपल्या हायेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या वाकड्या ओठाकडे बघितलं, आणि माझं सगळंच बिघडलं आहे असं त्याला वाटलं असावं. ऊन उतरेपर्यंत थांबा, निंबाखाली सावली आहे, मी म्हटलं. त्याला वेळ नव्हता. तो पुटपुटत गाडीवर चढला. बाजारात दुसरे दलाल होतेच.

गाड्या एकेक करून वळू लागल्या. फार धूळ उठली. ती आत जाऊ नये म्हणून मी दार लोटून घेतलं.